मेडिकलची क्रीम लावल्यावर बाळाचे डायपर रॅशेस जास्तच वाढलेत, काय करू?

नवीआई_पाथर्डीफाटा:
माझी मुलगी सात महिन्यांची आहे. कानाच्या दुखण्यासाठी अँटिबायोटिक चालू होतं त्यात जुलाब लागले आणि शूची जागा लाल झाली. मेडिकलवाल्याने एक क्रीम दिली, सुरुवातीला लाली एकदम कमी झाली, आम्हाला वाटलं गेलंच, पण आता परत आलंय ते दुप्पट. जांघेच्या घडीत लालभडक आणि कडेने बारीक पुटकुळ्या. शू झाली की किंचाळते बिचारी. सासूबाई म्हणतात क्रीम बंद कर खोबरेल लाव, नवरा म्हणतो ट्यूब संपव. त्यात हा पाऊस, लंगोट वाळतच नाहीत म्हणून डायपरही सोडता येत नाही. प्लीज सांगा कोणीतरी, तिचं रडणं बघवत नाही.

गंगापूररोडची_मावशी:
अगं आधी ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, क्लोबेटासॉल यातलं काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. माझ्या भाचीला सेम झालं होतं, लावली की लाली जायची, थांबवली की जास्त जोरात यायची.

सिस्टर_नाशिकरोड:
मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. ताई, तुमच्या वर्णनावरून हे साधं ओलाव्याचं रॅश कमी आणि फंगल, म्हणजे बुरशीचं, जास्त वाटतंय. साधं रॅश फुगीर भागावर असतं, घड्या बहुतेक वाचतात. घडीत लाल आणि कडेला सुटे ठिपके असले की बहुधा कॅन्डिडा नावाचा फंगस, आणि अँटिबायोटिकनंतर तो हमखास डोकं वर काढतो. तोंडात, जिभेवर पांढरे न पुसले जाणारे डाग आहेत का तेही बघा.
स्टिरॉइड लाली दाबतं पण फंगसला मोकळं रान मिळतं, आणि वरून डायपर घट्ट बसला की औषध कातडीत कितीतरी जास्त शोषलं जातं, बाळाची कातडी पातळ होते. म्हणूनच 2018 मध्ये बऱ्याच स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एच मध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्याच नाहीत. तरी विकतात, याचा मला खरंच राग येतो.
फंगल असेल तर डॉक्टर सहसा नुसतं क्लोट्रिमाझोल हे फंगसवरचं औषध देतात, आणि त्यावर झिंक ऑक्साइडचा जाड थर. पण तपासल्याशिवाय तुम्ही आणू नका. ताप, पू, पाण्याचे फोड, रक्त येणं, दूध कमी पिणं यातलं काही दिसलं तर थांबूच नका, लगेच दाखवा.

सिडको_आजी:
पोरी, शी झाली की वाइप्स नको, कोमट पाणी आणि मऊ कापूस, घासायचं नाही, टिपून घ्यायचं. पावडर अजिबात नको, श्वासात जाते. खोबरेलाने साध्या लालीला बरं वाटतं, फंगस नाही जात. दिवसातून जमेल तेव्हा जुन्या सुती साडीच्या घडीवर तसंच उघडं झोपव, खाली प्लास्टिक टाक म्हणजे गादी वाचेल. लंगोट पंख्याखाली टाकून मग दोन्ही बाजूंनी इस्त्री मार, दमट राहिलेला लंगोट बांधू नको. आणि डायपर लावलाच तर भरायची वाट बघू नको, तासा-दोन तासाने हात घालून बघ.

नवीआई_पाथर्डीफाटा:
आत्ता ट्यूब वाचली. क्लोबेटासॉल, निओमायसिन आणि मायकोनाझोल!! आता लावणार नाही. जिभेवर पण पांढरं दिसतंय. उद्या सकाळीच बालरोगतज्ज्ञांकडे जातेय, तिकडे जमलं नाही तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला. काही सोबत नेऊ का?

सिस्टर_नाशिकरोड:
हीच ट्यूब आणि अँटिबायोटिकची बाटली नक्की न्या, आणि किती दिवस लावली ते आधीच सांगा, कारण बरेच दिवस लावली असेल तर कशी थांबवायची तेही तेच ठरवतील. निघताना जाड काही लावू नका, डॉक्टरांना कातडी नीट दिसली पाहिजे. तोंडातलं पांढरं आवर्जून दाखवा. अंगावर पाजत असाल तर तुमच्या निपलला जळजळ आहे का तेही बोला, मग दोघींना एकदमच औषध देतील.