रविवारच्या बोटॉक्स कॅम्पला जाऊ का?

ए-२०१ वहिनी: नमस्कार सगळ्यांना. विचारताना थोडा संकोच वाटतोय, पण बाहेर विचारण्यापेक्षा सोसायटीच्या ग्रुपवर, आपल्या माणसांत विचारलेलं बरं. लेकाचं लग्न मार्गशीर्षात आहे. भुवयांच्या मधल्या दोन आठ्या मला फार खुपतात, गप्प बसले तरी रागावल्यासारखी दिसते. पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, रविवारी मुंबईहून डॉक्टर येणार आहेत, स्टँडजवळच्या हॉटेलच्या हॉलमध्ये बोटॉक्सचा कॅम्प आहे. सहा हजार, दोघी मिळून गेलो तर पाच-पाच. कुणी केलंय का? जाऊ का?

बी-४०२ अण्णा: वहिनी, मला यातलं फार कळत नाही, पण ते एक विष असतं असं वाचलं होतं. चेहऱ्यात कशाला टोचून घ्यायचं? तुम्ही आहात तशा छान आहात.

बी-१०४ सिस्टर: अण्णा, वाचलंत ते खरं आहे. नीट न टिकवलेल्या डबाबंद अन्नात जो जंतू वाढतो, त्याचंच ते विष. पण अगदी सूक्ष्म मात्रेत औषध म्हणून वापरतात. अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या आजारासाठी त्याला मान्यता मिळाली, आठ्यांसाठी २००२ मध्ये. नसेकडून स्नायूला जाणारा निरोप तेवढ्या जागी थांबतो, स्नायू आवळत नाही, आठी पडत नाही. तीन-चार महिन्यांत पुन्हा पहिल्यासारखं. जाणत्या हातात चांगलं औषध आहे, पण तो हात कोणाचा हे बघावंच लागतं.

सी-३०३ ताई: वहिनी, रविवारी जाऊ नका. आजवर मी हे इथे कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या केळवणांच्या आधी मी अशाच एका कॅम्पला गेले होते, आपल्या रत्नागिरीत नव्हे, दुसरीकडे. आम्ही नऊ-दहा जणी होतो. बाहेरून आलेल्या मॅडमनी सिरिंजा आधीच भरून ट्रेमध्ये ओळीने मांडून ठेवल्या होत्या. कोपऱ्यात थर्माकोलचा खोका, मासळीचा असतो तसा, आत बर्फाचं पाणी झालेलं. माझ्यासमोर बाटली उघडली नाही. कुठलं औषध, किती, काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मिरकरवाड्यावर सुरमई घेताना आपण कल्ला उचलून लाल आहे का ते बघतो, आणि तिथे मी डोळे मिटून खुर्चीत बसले.

पाचव्या दिवशी सकाळी उजवी पापणी जड वाटली. झोप झाली नसेल म्हणून पाणी मारलं. संध्याकाळपर्यंत पापणी अर्ध्या बुबुळावर आली. समोरचं बघायला मान मागे टाकावी लागायची, स्कूटी चालवणं बंद. दिलेल्या नंबरवर फोन केला तर एक मुलगी म्हणाली, मॅडम आता दुसऱ्या गावी आहेत, मसाज करा, जाईल. शेवटी आंबा घाट चढून कोल्हापूरला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: औषध कुठल्या कंपनीचं, किती युनिट, कुठे कुठे टोचलं. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. पावती नाही, कागद नाही. ते म्हणाले, आता याला उतारा नाही, अंमल ओसरेपर्यंत थांबायचं, आणि मसाज तर अजिबात करू नका. डोळ्यात घालायचे थेंब दिले, त्याने पापणी थोडी वर यायची. सहा आठवडे गेले त्यात. केळवणांच्या फोटोंत मी कुठेच नाही, फोटो काढायचं काम मीच मागून घ्यायची.

त्या डॉक्टरांनी हेही सांगितलं की पापणी उतरणं चांगल्या हातूनही क्वचित होतं. म्हणून माझं एकच सांगणं आहे. टोचणारा माणूस पाचव्या दिवशी सापडला पाहिजे. कॅम्पवाले रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने निघून जातात.

ए-२०१ वहिनी: ताई, वाचून अंगावर काटा आला. एवढं सोसलंत आणि शेजारी असून आम्हाला कळलंही नाही.

बी-१०४ सिस्टर: मला त्या थर्माकोलच्या खोक्याने अस्वस्थ केलं. या बाटल्या २ ते ८ अंशांतच ठेवायच्या असतात. मी नोकरीभर लसींचा फ्रीज सांभाळला, दिवसातून दोनदा तापमान वहीत लिहायचो. पावसात लाईट गेली की आधी धाव तिकडे. दवाखान्यात फ्रीजला इन्व्हर्टर आहे का, हे विचारायला लाजू नका. बाटलीत पावडर असते, ती सलाईनमध्ये कालवतात. मूळ कंपनीच्या माहितीपत्रकात कालवल्यावर २४ तासांत वापरा असं लिहिलेलं आहे. मग भरून ठेवलेली सिरिंज कधीची, हे कोण सांगणार?

सी-००१ सेक्रेटरी: मध्येच लिहितो, माफ करा. उद्या ११ ते २ टाकी धुणार आहेत. सर्वांनी पाणी भरून ठेवावे.

ए-३०४ मेडिकलवाले भाऊ: वहिनी, हे औषध चिठ्ठीवरचं आहे. १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे लावायची, चोळायची, शिंपडायची वस्तू. सुईने आत जाणारी गोष्ट त्यात बसतच नाही, म्हणून पार्लर हे तिचं ठिकाण नव्हे. खोक्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, त्याचा फोटो काढा आणि बिल मागा. आणखी एक, बोटॉक्स हे एका कंपनीच्या औषधाचं नाव आहे, दुसऱ्या कंपन्यांची युनिट त्याच्याशी जुळत नाहीत. नुसतं ‘वीस युनिट दिली’ म्हणून भागत नाही, कुणाची ते हवं. २०२४ मध्ये अमेरिकेत ११ राज्यांत २२ जणींना बनावट किंवा नीट न हाताळलेल्या इंजेक्शनांनी त्रास झाला, ११ जणींना इस्पितळात ठेवावं लागलं. त्यांतल्या काहींना घरात किंवा स्पामध्ये, परवाना वा प्रशिक्षण नसलेल्यांनी टोचलं होतं.

ए-२०१ वहिनी: आणि नाकापासून ओठांपर्यंतच्या घड्यांना फिलर भरून देऊ असंही म्हणत होत्या. ते तरी साधं असतं ना?

बी-१०४ सिस्टर: उलट त्याची मला जास्त काळजी वाटते. फिलर म्हणजे जेल. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं की पुढचा रक्तपुरवठा बंद. कातडी पांढरी पडते, मग जाळीसारखी निळसर होते, दुखणं वाढत जातं. नाक आणि भुवयांमधला भाग तर फार नाजूक, तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात. दृष्टी गेल्याची उदाहरणं आहेत. बहुतेक फिलर हायलुरोनिक ॲसिडचे असतात, ते विरघळवणारं हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन असतं, पण लगेच द्यावं लागतं. ते दवाखान्यात, हाताशी हवं. ‘लागलं तर मागवू’ म्हणाले तर उठून या.

बी-४०२ अण्णा: आता मला विषय समजला. वहिनी, त्या कॅम्पच्या डॉक्टरांचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक मिळवा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर शोधता येतं, मी बघून देतो.

सी-३०३ ताई: आणि नावापुढची अक्षरं वाचा. त्वचारोगात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.डी.व्ही.एल., नाहीतर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. असावं. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ एवढंच लिहिलेलं असेल तर आधी कशाचे डॉक्टर ते विचारा. टोचणार स्वतः की असिस्टंट, तेही विचारा. मी ज्यांच्याकडे आता जाते त्या पहिल्या दिवशी टोचतच नाहीत. आठ्या घालायला लावतात, फोटो काढतात, गोळ्या कुठल्या चालू आहेत ते लिहून घेतात. एकदा मला ‘हे तुम्हाला नको’ म्हणून परत पाठवलं होतं. तेव्हापासून माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसला.

ए-२०१ वहिनी: अण्णा, पार्लरमध्ये फोन केला. पूर्ण नाव त्यांनाही माहीत नाही. नंबर रविवारी आल्यावर देतील म्हणाल्या. मी नाही सांगून टाकलं.

बी-४०२ अण्णा: उत्तम केलंत.

ए-२०१ वहिनी: ताईंच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलले. मंगळवारी दहाची वेळ मिळाली. रक्त पातळ करायच्या गोळ्या, स्नायू दुबळे होण्याचा आजार, सगळं त्यांनी विचारलं. बाटली समोर उघडतात, स्टिकर फाईलवर लावतात. करायचं ठरलं तर परिणाम पूर्ण दिसायला दोन आठवडे, म्हणून लग्नाच्या महिनाभर आधी करू, पंधराव्या दिवशी पुन्हा दाखवायला या म्हणाल्या. खर्च युनिटवर आहे, कॅम्पपेक्षा जास्त होईल. होऊ दे.

सी-३०३ ताई: मी येते सोबत. साडेनऊला खाली या, स्कूटीवर जाऊ. चालू गोळ्यांच्या पट्ट्या आठवणीने पर्समध्ये घ्या.