उरलेल्या अन्नाचे खत केले, तर ते वाया गेले असे धरायचे का?

प्रश्न

गेली तीन वर्षे आमच्या स्वयंपाकघरातला ओला कचरा मी घरीच कुजवून त्याचे खत करतो. सुरुवातीला त्यात साली, देठ आणि बियाच असत. अलीकडे मात्र विसरून सडलेली भाजी आणि उरलेले शिजवलेले अन्नही त्यात जाऊ लागले आहे, आणि ते टाकताना पूर्वी मनाला जी टोचणी लागत असे ती आता लागत नाही, कारण हे सारे शेवटी मातीतच परत जाते अशी मी स्वतःची समजूत घालतो. घरच्यांना हे पटत नाही. खत झालेले अन्न वाया गेलेले धरावे का, आणि धरायचे असेल तर खतामुळे त्यातले कितीसे भरून निघते?

पहिला प्रतिसाद

घरच्यांचे म्हणणे बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न दुकाने, उपाहारगृहे आणि घरे मिळून टाकले गेले. त्यातला जवळपास ६० टक्के वाटा घरांचा होता. खतासाठी कुजवलेले अन्नही या मोजणीत वाया गेलेलेच धरतात.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ११९ देशांतील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी ६१ टक्के उत्सर्जन शेतातच होते असे आढळले, आणि जंगलतोड धरली तर हा वाटा ८१ टक्क्यांवर जातो. जमिनीत घातलेल्या नत्रापैकी (नायट्रोजनपैकी) साधारण एक टक्का नत्र नायट्रस ऑक्साइडच्या रूपाने हवेत जाते असे ढोबळमानाने धरतात. हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता धरतो. याशिवाय माणूस नद्या, तलाव आणि भूजलातून जे गोडे पाणी उपसतो त्यातले सुमारे ७० टक्के शेतीलाच लागते. भाजी तुमच्या घरी येते तेव्हा हा सगळा खर्च होऊन गेलेला असतो, आणि ती कुजवल्याने त्यातले काहीही परत येत नाही. कचराभूमीत हवेविना सडताना त्या भाजीतून जो मिथेन हा हरितगृह वायू निघाला असता, तो मात्र तुम्ही टाळता, आणि हा लाभ खरा आहे.

दुसरा प्रतिसाद

मी शेतकरी आहे, आणि वरील उत्तर मान्य करूनही मला खताची बाजू मांडावीशी वाटते. चांगले कुजलेले खत ही केवळ नत्राची पिशवी नव्हे. त्यात नत्र फार नसते, बहुधा एक ते दोन टक्के, आणि तेही पिकाला सावकाश मिळते. त्याची खरी किंमत सेंद्रिय कर्बात (कुजलेल्या वनस्पतींतल्या कार्बनमध्ये) आहे, कारण त्यामुळे मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, पाणी जिरते आणि जिरलेले पाणी टिकते. ज्या जमिनीतून वर्षानुवर्षे फक्त काढून घेतले, तिच्यात हा फरक पावसाने ओढ दिली की डोळ्यांना दिसतो. त्यामुळे साली आणि देठ कुजवणे आपण कृपया थांबवू नये.

शिजवलेल्या अन्नाची गोष्ट वेगळी आहे. ते ओले आणि नत्राने भरलेले असल्याने ढीग चिकट होतो, आत हवा खेळत नाही आणि आंबूस वास सुटतो, म्हणजे जो मिथेन टाळायचा तोच थोड्या प्रमाणात घरी तयार होऊ लागतो. कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण २५ ते ३० ला १ असे राहील इतका सुका पाला किंवा लाकडाचा भुसा मिसळावा आणि ढीग वरचेवर खालीवर करावा.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. माझी चूक माझ्या लक्षात आली, कारण न टाळता येणारा कचरा आणि खाता आले असते असे अन्न यांना मी एकच मानत होतो. उद्यापासून दोन वेगळी भांडी ठेवतो आणि दुसऱ्या भांड्यात जे पडेल त्याचे महिनाभर रोज वजन करून ठेवतो.

पहिला प्रतिसाद देणाऱ्याचे उत्तर

वजनाबरोबर पदार्थाचे नावही अवश्य लिहा, कारण नुसत्या किलोंवरून नुकसान कळत नाही. ‘सायन्स’मधल्या त्याच अभ्यासाप्रमाणे एक किलो कंदमुळांमागे सरासरी अर्ध्या किलोहूनही कमी कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, तर एक किलो चीजमागे ते वीस किलोंहून अधिक असते. दुधाचे पदार्थ आणि मांस यांची नोंद वेगळ्या रकान्यात करावी, आणि प्रत्येक वस्तू का टाकावी लागली हेही एका शब्दात लिहावे: जास्त शिजवले, विसरले, की वेष्टनावरची तारीख उलटली. यातल्या तारखेच्या नोंदी तर नीट तपासूनच पाहाव्यात, कारण बऱ्याच वेष्टनांवरची तारीख चव आणि ताजेपणा कुठवर उत्तम राहील एवढेच सांगते, आणि ती उलटली म्हणून तो पदार्थ खाण्यास अपायकारक झाला असे होत नाही.