म्हणे, स्पायडर-व्हर्स मित्रांसोबत बघू नये!

रीळकरी:
परवा इथे कुणीतरी ठासून लिहिलं की ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ चारचौघांत लावू नये, चित्र अडखळतं, कडांना रंग फुटतात, सगळ्यांची डोकी दुखतात. वाचून गप्प बसवेना.

२०१८च्या या ॲनिमेशन सिनेमात अडखळणं हाच अभिनय आहे. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात, पण नवा स्पायडर-मॅन झालेल्या माइल्सची एकेक पोज दोन-दोन फ्रेम धरून ठेवलीय. म्हणजे सेकंदाला १२च पोज. अल्केमॅक्सच्या प्रयोगशाळेतून पळतानाचा जंगलातला प्रसंग बघा. जुना स्पायडर-मॅन पीटर बी. पार्कर २४च्या २४ फ्रेममध्ये हलतो आणि त्याच्याच शेजारी माइल्स १२वर धडपडतो. मुरलेला कोण, नवखा कोण, हे संवादाशिवाय कळतं. तो शिकत जातो तशी त्याची हालचाल सफाईदार होते.

कडांचंही तेच. जुन्या कॉमिकच्या स्वस्त छपाईत रंगांच्या प्लेट सरकल्या की लाल-निळी कड सुटते. लांबचं धूसर दाखवायला इथे तीच सरकलेली छपाई वापरलीय. चौघांनी मिळून हे टिपण्यात जी मजा आहे ती एकट्याला नाही.

रात्रपाळी:
हे सगळं मला ठाऊक आहे. सिनेमा चांगलाच आहे, ॲनिमेशनचं ऑस्कर उगाच मिळालं नाही. पण मित्र जमले की एक फोनमध्ये, दुसरा भज्यांच्या ताटाशी, तिसरा विचारतो ‘हा कुठला स्पायडर-मॅन?’ तेवढ्यात माइल्सच्या मनातले विचार लिहिलेल्या, कॉमिकसारख्या चौकोनी चिठ्ठ्या पडद्यावर येऊन जातात. इतक्या बारीक कामाचा सिनेमा शांतपणेच बघावा. आणि डोकेदुखी खोटी नाही, रीळकरी. ती ‘कला’ म्हणून उडवून लावू नका.

ठिपका:
डोकेदुखीचं मूळ बहुतेक वेळा टीव्हीत असतं. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग आधीच चालू असतं. एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. दोन फ्रेमच्या मध्ये टीव्ही मनाने तिसरी रचून घालतो. माइल्सच्या दोन फ्रेम सारख्याच, मग एकदम उडी. मागचा कॅमेरा मात्र प्रत्येक फ्रेमला सरकतोय. टीव्हीचा अंदाज चुकतो आणि हातापायांभोवती चित्र वितळल्यासारखं दिसतं. सिनेमा लावण्याआधी हे बंद करा. सिनेमा मुळासारखा दाखवणारा फिल्ममेकर मोड असेल तर तोच निवडा, शार्पनेसचा अतिरेकही जातो.

रात्रपाळी:
अर्धंच सांगताय. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवणाऱ्या टीव्हीवर २४ फ्रेम समान विभागल्या जात नाहीत. एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दिसते. सेटिंग बंद केलं की कॅमेरा आडवा फिरताना हा हिसका आणखी जाणवतो. लोक ते सेटिंग चालू ठेवतात ते त्याचसाठी!

ठिपका:
बरोबर, ते राहिलं. १२० हर्ट्झचा टीव्ही असेल तर प्रत्येक फ्रेम पाच वेळा, प्रश्न मिटला. फायर टीव्हीची ४के स्टिक असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ चालू करा. टीव्ही सेकंदाला २४ फ्रेमचा सिग्नल घेत असेल तर हिसका जातो. साध्या ६०वर थोडा हिसका राहतोच. पण वितळलेल्या हातांपेक्षा तो परवडला.

अनुस्वार:
तुम्ही हर्ट्झ मोजत बसा! चार जणांत एक तरी इंग्रजीला अडतो, त्याचं काय? २०२३चा पुढचा भाग भारतात १० भाषांत आला, त्यात मराठी होती. मग मित्रांना जमवून इंग्रजीच का लावायचं? मराठी डबिंगला बघायच्या आधीच नाक मुरडणारे आपणच.

रीळकरी:
नाक मुरडत नाही. पण विचारांच्या चिठ्ठ्या चित्रातच इंग्रजीत रंगवल्यात, डबिंगने त्या बदलत नाहीत. माइल्सची आई रिओ मध्येच स्पॅनिश बोलते. मूळ सिनेमात त्याला सबटायटलही दिलेलं नाही, कारण त्या घरात ते कुणाला अडत नाही. सगळंच एका भाषेत केलं की ते घर हरवतं.

अनुस्वार:
आणि इंग्रजी न कळणाऱ्याचं सगळंच हरवतं! सबटायटल वाचायचं, चिठ्ठी वाचायची की चित्र बघायचं? ५५ इंची टीव्हीवर या सिनेमाच्या वर-खाली जवळजवळ ९-९ सेंटिमीटर काळी पट्टी येते, चित्र उरतं ५१ सेंटिमीटर उंच. खोलीच्या टोकाला बसलेल्याला त्यातली चिठ्ठी दिसणार तरी का?

रीळकरी:
हा मुद्दा मान्य करावा लागतोय. मग लांब बसणाऱ्याला पुढे सतरंजीवर घ्या. संवाद पुटपुटल्यासारखे वाटले तर आवाज नुसता वाढवू नका. संवाद बहुतांशी मधल्या चॅनलवर असतात. दोनच स्पीकर असतील तर ॲपमध्ये ५.१ या सहा चॅनलच्या आवाजाऐवजी स्टिरिओ निवडा.

रात्रपाळी:
टीव्हीचं मीही मानतो, अर्धी डोकेदुखी त्याचीच. उरलेली अर्धी सिनेमाची आहे. शेवटी कोलायडर हे वेगवेगळी विश्वं जोडणारं यंत्र सुरू झालं की रंगांचे झोत सतत लुकलुकतात. कुणाला मिरगीचा त्रास आहे का, हे आधी विचारा, दिवे पूर्ण मालवू नका, ब्राइटनेस उतरवा. एवढं करून चौघं ११७ मिनिटं फोन खाली ठेवणार असतील तर खुशाल बोलवा. नाही तर मी अजूनही एकट्यानेच बघा म्हणेन.

अनुस्वार:
आणि दुसरा भाग मराठीत!