कोरडा बर्फ असेल तर डबा हवाबंद नको
बडोद्याहून पुण्याला सीरमचे (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) नमुने कोरड्या बर्फात पाठवताना थर्माकोलचा डबा टेपने पूर्ण बंद करावा का, असं एकाने विचारलंय. अजिबात नको! कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड; तो उणे ७८.५ अंश सेल्सिअसवर थेट वायू होतो. वाट मिळाली नाही तर डबा फुटेल. हवाबंद ठेवायचा तो आतला, नळ्यांचा दुसरा डबा. त्यात शोषक कापूस भरपूर घाला. मी एकदा कंजूषपणा केला नि एका नळीच्या गळतीत सगळी लेबलं पुसली गेली. बर्फ या आतल्या डब्याच्या बाहेर, मग कडक खोका. खोक्यावर ‘ब’ गटातल्या (कमी धोक्याच्या जैविक) नमुन्यांसाठी यूएन ३३७३ची खूण (यूएन म्हणजे धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), बर्फासाठी यूएन १८४५ आणि त्याचं किलोत वजन. आणि हो, कुरिअरपर्यंत गाडीने नेताना मे महिन्यातही काचा खालीच ठेवा, म्हणजे हा वायू गाडीत कोंडणार नाही.