अंगठ्याचा फोटो म्हणजे ठसा नव्हे

नाडी ज्योतिषात, म्हणजे ताडपत्राच्या पट्ट्यांवरून भविष्य सांगतात त्यात, पुरुषांनी उजव्या आणि बायकांनी डाव्या अंगठ्याचा ठसा द्यायचा, हे बरोबर. पण ‘शाई कशाला, मोबाइलने अंगठ्याचा फोटो काढून पाठवा’ हा सल्ला पटला नाही. फोटोत रेषा बोटावर आहेत तशाच दिसतात, कागदावर मात्र त्या उलट्या उमटतात; डावीकडे वळणारी रेषा ठशात उजवीकडे वळते. तमिळनाडूतल्या वैदीश्वरन कोइलचे नाडीवाले पट्ट्यांचा गठ्ठा ठशाच्या ठेवणीवरूनच निवडतात, मग बाजूच बदलली तर शोधणार काय? (पट्टीत खरंच आपलं नाव असतं का, हा वाद वेगळा. मला शंका आहेच.) अंगठा स्टॅम्प पॅडवर हलका टेकवून कोऱ्या पांढऱ्या कागदावर नखाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत एकदाच फिरवायचा. जोर दिला की रेषा बुजल्याच.

आणि कुणी काढलाच नाही असा मुद्दा: याच अंगठ्याने आधारवरून बँकेतले पैसे काढता येतात. दस्तांवरच्या ठशांची सिलिकॉनची नक्कल करून खाती रिकामी केल्याचे गुन्हे आपल्याकडे नोंदले गेले आहेत. ठसा पाठवण्याआधी आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक (म्हणजे ठशाने ओळख पटवणंच बंद) लावून ठेवा. लागेल तेव्हा उघडता येतं.