मदत हवी आहे : बाहेर गेल्यावर कुत्रा खाऊकडे पाहतही नाही, सरावासाठी कोणता खाऊ निवडावा?

रानवाट
आमच्या कुत्र्याला आज्ञा शिकवताना बक्षीस म्हणून कोणता खाऊ द्यावा, याबद्दल तातडीने मार्गदर्शन हवे आहे. घरात तो ‘बस’, ‘थांब’ आणि ‘ये’ या तिन्ही आज्ञा व्यवस्थित पाळतो. बाहेर पडल्यावर मात्र हातातल्या बिस्किटाकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि समोर दुसरा कुत्रा दिसला तर माझी हाक त्याच्या कानावरच पडत नाही. बिस्किटे बदलून पाहिली, पण फरक पडला नाही. कृपया ‘धीर धरा’ असे सांगू नये, खाऊचे नाव सांगावे.

मृद्गंध
कुत्र्याचे वय, वजन आणि रोजचे जेवण, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्याला कशाची ॲलर्जी आहे का? एवढे कळल्याशिवाय खाऊचे नाव सुचवणे योग्य होणार नाही.

सोनसाखळी
कोंबडीची कलेजी उकडून, मंद आचेवर थोडी सुकवून, वाटाण्याएवढे तुकडे करून द्या. बिस्किट कोरडे असते, ते चावण्यात वेळ जातो, चुरा जमिनीवर सांडतो आणि तो हुंगण्यात कुत्रा आज्ञाच विसरतो. मऊ आणि उग्र वासाचा तुकडा तो क्षणात गिळतो आणि लगेच पुन्हा तुमच्याकडे पाहू लागतो. माणसाच्या तोंडात सुमारे ९,००० रुचिकलिका असतात, तर कुत्र्याच्या तोंडात सुमारे १,७००. तो भुलतो तो वासाला.

उंबरठा
वासाचा मुद्दा पटतो, परंतु कलेजी रोजच्या सरावासाठी मी सुचवणार नाही. तिच्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार असते, ते शरीरात साठत जाते आणि दीर्घकाळ अतिरेक झाल्यास अपाय होतो. त्यापेक्षा मीठ, तेल आणि कातडी नसलेले उकडलेले कोंबडीचे मांस बरे. त्यालाही हिशेब हवा : दिवसभराच्या उष्मांकांपैकी खाऊचा वाटा साधारण १० टक्क्यांच्या आत ठेवावा. निर्बीजीकरण झालेल्या १० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला अंदाजे ६३० किलोकॅलरी लागतात, म्हणजे उकडलेले मांस फार तर ३५ ते ४० ग्रॅम. बारीक तुकडे केले तर एवढ्यात भरपूर सराव होतो, कारण कुत्र्याला तुकड्याच्या आकारापेक्षा तो किती वेळा मिळतो याचे अप्रूप अधिक असते.

सोनसाखळी
मी रोज वाटीभर कलेजी द्या असे कुठे म्हटले? अवघड आज्ञेपुरती, चिमूटभर.

पायवाट
मुळात खाऊच कशाला? माझ्या कुत्रीला मी दोरीच्या खेळण्यावर शिकवले आहे. खाऊची सवय लागलेला कुत्रा खिसा रिकामा दिसला की पाठ फिरवतो.

मृद्गंध
पायवाट, ‘ये’ या आज्ञेसाठी खेळणे उत्तम बक्षीस आहे, पण ‘थांब’ शिकवताना त्याच खेळण्याने कुत्रा अधिक उत्तेजित होतो. शिवाय आपण म्हणता तो दोष खाऊचा नसून पद्धतीचा आहे. खाऊ आधी दाखवून काम करून घेतले, तर कुत्रा खाऊ पाहूनच काम करतो; काम झाल्यावर क्षणार्धात पिशवीतून काढून दिला आणि आज्ञा पक्की झाल्यावर अधूनमधूनच देऊ लागलो, तर असे होत नाही. पण रानवाट, माझ्या प्रश्नांची उत्तरे अजून मिळालेली नाहीत.

चांदणवेल
खाऊ घेताना कुत्रा बोटे चावत असेल तर तो चिमटीत न धरता उघड्या तळव्यावर ठेवून द्यावा. पीनट बटर देणार असाल तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) नाही ना, हे वाचून घ्या; त्याने कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायक प्रमाणात खाली येते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. द्राक्षे, मनुका, चॉकलेट, कांदा आणि लसूण हेही कटाक्षाने टाळावे.

रानवाट
तो बोटे चावत नाही. वय दीड वर्ष, वजन वर लिहिले आहे जवळपास तेवढेच, निर्बीजीकरण झालेले आहे. कोंबडीचे मांस आणि कलेजी चालणार नाही, कारण खाजेमुळे पशुवैद्यांनी सध्या आठ आठवडे केवळ एका विशेष खाण्यावर ठेवले आहे. बिस्किट हे काही जेवण नव्हे, म्हणून त्याचा वेगळा उल्लेख केला नाही. आता नाव सांगावे.

मृद्गंध
आपल्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. अशा आहारचाचणीत त्या एका खाण्याखेरीज दुसरे काहीही पोटात जायचे नसते. बिस्किटाचा लहानसा तुकडाही त्याला अपवाद नाही, कारण खाज कशामुळे येते हे मग ठरवताच येत नाही. बाजारातल्या अनेक बिस्किटांत कोंबडीचा अंश असतो, आणि स्वाद लावलेल्या जंतांच्या गोळ्यांबद्दलही पशुवैद्यांना विचारावे लागते. बिस्किटे आजच बंद करा आणि आतापर्यंत दिली आहेत हे त्यांना सांगा. चाचणीची मुदत नव्याने मोजायची का, ते तेच ठरवतील.

खाऊ म्हणून तेच विशेष खाणे वापरा. त्याचा डबाबंद ओला प्रकार मिळत असेल आणि पशुवैद्यांची संमती असेल, तर तो पातळ थापून भाजावा आणि त्याचे बारीक चौकोनी तुकडे करावेत : वासही येतो आणि हातही भरत नाहीत. ओला प्रकार नसेल तर कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ करा, ऊब मिळाली की त्यांचा वास वाढतो. हे सर्व दिवसाच्या मापातूनच काढून घ्या आणि सराव जेवणाआधी, पोट थोडे रिकामे असताना करा.

सोनसाखळी
आधी कळले असते तर कलेजीचे नाव घेतले नसते. चाचणी संपेपर्यंत देऊ नका.

उंबरठा
एक गोष्ट मात्र कोणताही खाऊ साधून देणार नाही. दुसरा कुत्रा अगदी जवळ असताना उत्तेजनामुळे किंवा भीतीमुळे कुत्रे समोरचे आवडते खाणेही नाकारतात. तिथे खाऊ बदलून उपयोग नसतो, अंतर वाढवावे लागते. तो कुत्रा दिसत असूनही आपला कुत्रा खाऊ घेतो इतक्या लांबून सुरुवात करा, आणि अंतर हळूहळू कमी करा. त्याने खाऊ नाकारला, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे फिरा. तोवर लांब दोरी बांधूनच ‘ये’चा सराव करा.

रानवाट
ओल्या प्रकाराबद्दल पशुवैद्यांना उद्या विचारते आणि बिस्किटांचेही सांगते. भाजलेले तुकडे किती दिवस टिकतात आणि ते गोठवून ठेवता येतात का, हे कोणी सांगू शकेल का?

मृद्गंध
फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. गोठवता येतात, रोजच्यापुरत्या वेगळ्या पुड्या करून ठेवा, आणि एकदा वितळलेले तुकडे पुन्हा गोठवू नका.