झै खड्डे: माती बघून ठरवा

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोतले झै खड्डे (पावसाचं पाणी आणि खत एका जागी धरणारे छोटे लागवडीचे खड्डे) कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले-शिरोळमध्ये घ्यावेत, अशी एक सूचना आहे. ती निम्मी बरोबर आहे. ते तंत्र ३०० ते ८०० मिमी पावसाच्या, वर टणक पापुद्रा धरलेल्या जमिनीसाठी आहे. २०-४० सेंमी रुंद, १०-२० सेंमी खोल खड्डा उन्हाळ्यातच काढायचा आणि उकरलेली माती उताराच्या खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखी लावायची. आत दोन-तीन मुठी कुजलेलं शेणखत. खतामुळे वाळवी येते, तिच्या बिळांतून पाणी खाली जिरतं. म्हणजे इथे कीटकनाशक टाकलं की निम्मं काम बिघडलं! ८० सेंमी अंतराने एकरी सहा हजारांवर खड्डे होतात, तेव्हा मजुरीचा हिशोब आधी मांडा.

आळत्याच्या डोंगराकडच्या मुरमाड उतारावर हे चालेल. शिरोळच्या काळ्या रानात मात्र नको. तिथे पाणी जिरत नाही, खड्ड्यात साचून मुळं कुजतात. काळ्या मातीसाठी हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेने (स्थापना १९७२) रुंद वरंबा-सरीवर बरंच काम केलंय: साधारण १०० सेंमी वरंबा, ५० सेंमी सरी, सरीला ०.४ ते ०.८ टक्के उतार. सोयाबीनला उत्तम. उतार याहून जास्त दिला तर माती वाहते, कमी दिला तर सरी तुंबते. आणि सरीचं तोंड गवत लावलेल्या चरात सोडा, नाहीतर पहिल्याच वळवाला खालच्या शेजाऱ्याशी बांधावर भांडण ठरलेलं.

शिरोळची क्षारपड (मीठ फुटून नापीक झालेली जमीन) हा वेगळाच आजार, त्याला निचराच हवा.